बोलत चालव

२ मार्च

"ही शेजारच्या सीटवरच छान दिसेल."

लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या गाडीत बसताना मी गोंधळून चालकाच्या बाजूचं दार उघडलं, तेव्हा वन्सं हे वाक्य बोलल्या होत्या. सगळे हसले. मीही हसले, नव्या सुनेला त्या दिवशी दुसरं कामही नव्हतं. आज आमच्या लेकीचं कॉलेज संपत आलं, ती गाडी केव्हाच भंगारात गेली, पण वाक्य अजून नव्यासारखं आहे, एक ओरखडा नाही.

आणि उद्या सकाळी मी चालकाच्या बाजूचं दार उघडणार आहे, न गोंधळता, आणि शेजारच्या सीटवर वन्सं बसणार आहेत. थेट वाळलेल्या खाऱ्या तळ्यापर्यंत. मध्ये डोंगर आहेत, एक सीमा आहे, नकाशाच्या बऱ्याच घड्या आहेत. जिथे संध्याकाळ होईल तिथे गाडीच घर.

सामान भरून झालं तरी हात स्वस्थ बसेनात, म्हणून ही वही काढली.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय. त्यातले लोक पुढे कुठे कुठे गाड्या घेऊन गेले, तिथून फोटो पाठवत राहिले, आणि वन्सं मात्र बाजार, पाण्याची टाकी, दवाखाना, परत बाजार एवढ्याच चौकोनात आयुष्यभर फिरल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणतात, "रोज कुणाच्या ना कुणाच्या शेजारी बसलेच की. फक्त ब्रेक माझ्याही पायाखाली होता." सख्ख्या भावाला त्यांनी नापास केलं, कारण तो परीक्षेला चष्मा विसरून आला. "दिसत नसेल तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही," म्हणाल्या, आणि त्याला तिथेच उतरवून चालत घरी पाठवला. त्यानंतर नवऱ्यानं स्टिअरिंगला हात लावलेला नाही, चष्मा लावूनसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी अचानक मला शिकवायला घेतलं. "घरात एकाला तरी आलं पाहिजे." मी पडद्यांच्या दुकानात काम करते, लोकांच्या खिडक्यांची मापं घेत फिरते, मला गाडीची काय गरज? पण वन्संपुढे कुणाचं चाललंय. दोनदा त्यांनीच मला नापास केलं, मग सरकारी परीक्षेला पाठवलं. मला लायसन मिळालं आणि महिन्याभरात त्यांनी स्कूलचं शटर ओढलं. कारण काय, तर "कंटाळा आला." बाकी गाड्या दुसऱ्या स्कूलनं घेतल्या, ही मोठी व्हॅन राहिली, आणि घरी वापरायला कुणी घेईना, कारण हिला दोन्ही बाजूंना पेडल आहेत. एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, आमच्या घरात आधीच दोघं ब्रेक मारतात. गाडीत तरी एकच असू दे."

मग एका सकाळी नाश्त्याला वन्सं म्हणाल्या, "विकली जात नाही तर फिरवून तरी आणू."

"कुठे?" नवऱ्यानं विचारलं.

"मिठाच्या मैदानावर. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे राहते. म्हणते, इथे गाडी चालवायला रस्ताच लागत नाही."

"आणि ताई, चालवणार कोण?"

वन्संनी लोणी लावलेला पाव माझ्या दिशेनं रोखला. साधारण माझ्या दिशेनं. खरं तर फ्रिजकडे जास्त होता. "शिकाऊ," म्हणाल्या.

शिकाऊ म्हणजे मी. लायसन मिळालं, पण बढती नाही.

३ मार्च

निघालो! निघालो, निघालो, निघालो. हे चारदा लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

नवऱ्यानं औषधांच्या पेट्या तीन दिल्या. एक हरवली तर दुसरी, दुसरी भिजली तर तिसरी. दुकानाचा मालक सोडायला आला नाही, पण त्यानं जाड कापडाचा उरलेला तागा दिला होता, त्याचे मी गाडीला पडदे केलेत. निळे, आतून अस्तर. मागे गादी, गादीखाली पाण्याचे कॅन, दाराला स्टोव्ह ठेवायची फळी. मागच्या काचेखाली अजून स्कूलची ओळ रंगवलेली आहे, "घाबरू नका, आम्ही शेजारी आहोत." आणि टपावर शिकाऊ चालकाची पाटी. मी ती काढणार होते. वन्सं म्हणाल्या, "राहू दे, लोक अंतर ठेवतात." खरंच ठेवतात. लांब पल्ल्याचे ट्रकसुद्धा आमच्याभोवती असे वळसे घालून गेले, जणू रस्त्यावर कुणी ओली फरशी पुसून ठेवलीय.

गावाची शेवटची कमान गेली आणि वन्संनी वर्गातला जुना हुकूम सोडला. "बोलत चालव."

ही त्यांची पद्धत. शिकाऊ माणसानं जे दिसेल ते मोठ्यानं बोलत चालवायचं, म्हणजे नजर झोपत नाही. "पुढे वळण. डावीकडे सायकल. ट्रक सिग्नल देतोय." वर्गात असताना मी एकदा "ट्रकवर पिवळी ताडपत्री" म्हणाले होते, तर ओरडा खाल्ला होता. "ताडपत्री काय आडवी येणार आहे तुला? कामाचं तेवढं बोल."

आज मी कामाचं तेवढं बोलत होते, तर म्हणतात, "एवढंच? झाडं कसली आहेत?"

"झाडं आडवी येणारेत का वन्सं?"

"उलट बोलू नकोस. घरं आहेत का? कपडे वाळत घातलेत का? कसले?"

म्हणजे आता वरची इयत्ता. मी घसा बसेपर्यंत बोलले. एका गच्चीवर लाल चादर, तिच्यामागे उभा राहून कुणीतरी चोरून सिगारेट ओढतंय, पाय तेवढे दिसतात. वन्सं इतक्या हसल्या की त्यांचा सीटचा पट्टा घट्ट झाला.

चूक केली की मात्र खट्. त्यांची चप्पल त्यांच्या ब्रेकवर आपटते, गाडी दबते. आज पाच-सहा वेळा खट् झालं. सवय आहे मला. तो आवाज स्वप्नातही येतो.

६ मार्च

नदीकाठी मुक्काम. वाऱ्यानं स्टोव्ह तीनदा विझवला आणि चौथ्यांदा माझी भुवई थोडी खाल्ली. अंडी उकडली, बटाटे उकडले, चहासुद्धा जवळजवळ उकडलाच. वन्संनी चहा ओतला तो कपाच्या बाजूला, फळीवर, छान धार धरून.

"वन्सं, कप इकडे."

"माहितीये. फळी धुऊन घेतली," म्हणाल्या.

मला उगाचच हसू येतं सध्या. झुडपामागे जाऊन आले तरी हसू, दात घासताना पाण्यात मासा दिसला तरी हसू. या वयात असं कारण नसताना हसणाऱ्या बाईला लोक डॉक्टरकडे नेतात. इथे लोकच नाहीत.

नवऱ्याचा फोन. "ताई त्रास देते का?"

"खूप."

"मग ठीक आहे सगळं," म्हणाला आणि निवांत झाला.

९ मार्च

सीमा ओलांडली!! हे लिहिताना मी दुसऱ्या देशात आहे आणि गादी तीच आहे.

नाक्यावरच्या खोलीत एक टेबल, टेबलामागे खुर्ची, खुर्चीच्या पाठीला अधिकाऱ्याचा कोट अडकवलेला. अधिकारी स्वतः बाजूला खिडकीशी उभा राहून पेन्सिलीला टोक काढत होता. वन्सं ताठ मानेनं आत गेल्या आणि आमची दोघींची कागदपत्रं अदबीनं कोटापुढे धरली. "नमस्कार साहेब."

कोट काही बोलेना.

अधिकारी म्हणाला, "बाई, मी इकडे आहे."

वन्संची मान जराशी वळली. मग म्हणाल्या, "हो का? मला कोट जास्त कामाचा वाटला."

मला वाटलं, आता गाडीसकट परत. पण मागच्या रांगेतला ट्रकवाला खो खो हसायला लागला, मग पेन्सिलवालाही हसला. वन्संसारखी जीभ माझ्याकडे असती तर! सरकारी माणसाची अशी टोपी उडवायची आणि वर शिक्का घेऊन यायचं.

तो बाहेर येऊन गाडीभोवती फिरला. पाटी वाचली, मागची ओळ वाचली, दोन्हीकडचे पेडल पाहिले. "शिकाऊ कोण?"

"मी."

"आणि या?"

"माझ्या नणंद."

तो माझ्याकडे अतिशय सहानुभूतीनं बघत म्हणाला, "जा. तुमची परीक्षा आधीच कठीण आहे."

सगळ्यांशी बोलताना वन्संची नजर त्या माणसाच्या कानावरून पलीकडे जाते. आमच्याकडे म्हणतात की त्यांचं लक्ष कायम मागच्या पाहुण्याकडे असतं. हल्ली तर जास्तच. आज मला वाटलं, हा रुबाब आहे. मीही दुकानात गिऱ्हाइकांवर करून बघणार आहे.

१२ मार्च

आज चांगलं वाजलं आमचं.

घाट. अरुंद रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हवा. चढावर माझी गाडी तीनदा बंद पडली. मागे कुणी नव्हतं, घाई नव्हती, पण वन्सं म्हणाल्या, "तुझ्या हातात पडदेच शोभतात."

एवढं रोज बोलते मी. प्रत्येक दगड, प्रत्येक झुडूप, आकाशात घार किती उंच आहे ते. घशाला कोरड पडते, आणि बक्षीस हे? मी ओठ घट्ट मिटले. बोलायचं नाही. काय करायचं ते करा.

"पुढे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी गप्प.

"अगं, बोलत चालव."

मी गप्प. वळण आलं, मी गप्प वळले. पुढचं वळण आलं, आणि वळणापलीकडे रस्ताभर शेळ्या. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी घसरली, किंचाळली, थांबली. एका बोकडाची दाढी बॉनेटला टेकली होती आणि तो मला काचेतून जोखत होता.

वन्संचा चेहरा कागदासारखा झालेला. हात डॅशबोर्डवर. "काय होतं? काय होतं ते?"

"शेळ्या."

"लागल्या?"

"नाही."

मग त्या ओरडल्या. अशा ओरडलेल्या मी कधी ऐकल्या नाहीत. "बोलायचं का थांबलीस? हजार वेळा सांगितलंय, बोलायचं थांबवायचं नाही! माझ्यावर राग असला तर शिव्या दे, पण शिव्या देत देत सांग पुढे काय आहे!"

शेळ्या गेल्या. मी गाडी सुरू केली. थोड्या वेळानं मी म्हटलं, "पुढे उजवं वळण, आणि तुम्ही फार दुष्ट बाई आहात, आणि कडेला पांढरा दगड."

"ठीक," वन्सं म्हणाल्या. "दगड केवढा?"

१३ मार्च

पण काल एक गोष्ट झाली, ती आत्ता सकाळी स्टोव्ह पेटवताना लक्षात आली आणि मी काडी हातात तशीच धरून उभी राहिले, बोट भाजेपर्यंत.

खट् झालं नाही.

काल, शेळ्यांच्या वेळी, वन्संनी ब्रेक मारला नाही! रस्ताभर जनावरं आणि त्यांची चप्पल हललीसुद्धा नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या सायकलला सात दुकानं आधी ब्रेक मारणारी बाई. मला वाटतं, त्यांनी माझ्यावर सोडलं. तोंडानं कधी म्हणणार नाहीत, पण पायानं म्हणाल्या.

नवऱ्याला फोन करून सांगितलं. त्यानं उलट विचारलं, "ताईनं ब्रेक मारला नाही? नक्की?"

"नक्की!"

"तिची तब्येत बरी आहे ना?"

या घरात कुणाला कौतुक करताच येत नाही.

१७ मार्च

दोन दिवस गाडीतून खडखड येत होती. खड्डा आला की खडखड, खड्डा नसला तरी खडखड. रस्त्याकडेच्या गॅरेजात थांबलो. वन्सं झाडाखाली चहा प्यायला गेल्या. मेकॅनिक गाडीखाली शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला.

"ताई, हा पलीकडचा ब्रेक कुठे जोडलेलाच नाही."

"म्हणजे?"

"मधली दांडी काढलेली आहे. शेजारच्यानं दाबला तरी काही होत नाही, नुसता खट् वाजतो."

मी म्हटलं, शक्य नाही, निघाल्यापासून त्या ब्रेक मारतायत आणि गाडी दबतेय. तो म्हणाला, "मग तुम्हीच मारत असाल."

आम्ही हत्यारांची पेटी उघडली. तळाशी जुन्या फडक्यात गुंडाळलेली दांडी. फडक्याला गाठ होती ती वन्संची, दुहेरी, कुणाला न सुटणारी. पण खड्ड्यांनी फडकं फाटलं होतं. खडखड तिचीच.

मी गॅरेजातल्या आडव्या टायरवर बसले. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या चप्पल आपटत होत्या आणि ब्रेक मी मारत होते. खट् ऐकला की माझाच पाय. संपूर्ण रस्ता, घाट, सीमा, सगळं मी एकटीनं चालवलं आणि त्यांना हे माहीत होतं. निघण्याआधीच त्यांनी स्वतःचा ब्रेक काढून ठेवला होता! एवढा विश्वास माझ्यावर माझ्या आईनंसुद्धा कधी टाकला नव्हता, ती मला उकळतं दूधसुद्धा उतरवू देत नसे.

"जोडू का?" मेकॅनिकनं विचारलं. "जिथली वस्तू तिथे. नाहीतर परत खडखडेल."

"जोडा," म्हटलं. आवाज जरा ओला आला. त्याला वाटलं, दुरुस्तीच्या खर्चामुळे.

वन्संना काही सांगितलं नाही. असलं काही तोंडावर बोललं की त्या कडू होतात.

१८ मार्च

सांगावं लागलंच नाही. सकाळी मी एका खड्ड्यात गाडी घातली, वन्संनी सवयीनं चप्पल आपटली, आणि गाडी जी थांबली! पाण्याचा कॅन, बटाटे, औषधाची एक पेटी, सगळं पुढे आलं. एक बटाटा वन्संच्या मांडीत.

दोघी एकमेकींकडे बघतोय. म्हणजे मी त्यांच्याकडे, त्या माझ्या कानाकडे.

"कुणी जोडला?"

"मेकॅनिकनं."

बराच वेळ त्या बटाटा हातात फिरवत राहिल्या. मग चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसल्या. "मी आता पाय वरच घेऊन बसते. चल. बोलत चालव."

दिवसभर मांडी मोडली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. मला इतकं हलकं वाटतंय की मध्येच एका सरळ रस्त्यावर मी गाणं म्हटलं. वन्सं म्हणाल्या, "गाण्यात पुढचा टँकर बसव." बसवला. यमक जुळलं नाही, पण टँकर गेला.

२० मार्च

हे कसं लिहू? सरळ लिहिते.

मिठाच्या मैदानाच्या अलीकडचं शेवटचं गाव. वन्संच्या त्या विद्यार्थिनीचा तिथे डिझेल पंप आहे. आम्ही शिरलो तशी ती ऑफिसातून धावत आली, वन्सं उतरल्या त्या दारासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. अगदी समोर. एवढं तोंडभर हसू की पंपावरची पोरं बघायला लागली.

वन्संनी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारलं, "काय हो, मालकीणबाई आहेत का?"

तिचे हात हळूहळू खाली आले. "मॅडम," ती म्हणाली.

आणि आवाज ऐकताच वन्संचा चेहरा उजळला. "तू! डावीकडे वळायचं तर उजवीकडे बघणारी!" मग मिठ्या, मग रडणं, मग तिनं रिव्हर्समध्ये पाडलेल्या भाजीच्या गाडीची गोष्ट, दोनदा.

वन्सं आंघोळीला गेल्या तेव्हा पंपवाली माझ्याजवळ बसली. "मॅडमना मधलं दिसत नाही ना आता?"

"मधलं म्हणजे?"

"माझ्या आईला झालं होतं. कडेचं दिसतं, मधोमध धूर. माणूस समोर उभा राहिला की त्याला चेहराच नसतो. म्हणून त्या बाजूनं बघतात." माझं तोंड बघून ती थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी नाही म्हटलं. मग हो म्हटलं.

"गेल्या महिन्यात फोन केला होता त्यांनी," ती म्हणाली. "एकच विचारलं. तिथे खरंच आपटण्यासारखं काही नाही ना? मी म्हटलं, मॅडम, कडेला मऊ आहे तेवढं सांभाळायचं, मधे काही म्हणजे काही नाही. मला वाटलं, तुमच्यासाठी विचारतायत."

जुना पडदा उसवताना एक धागा ओढला की पुढचे टाके आपोआप सुटत जातात. तसं झालं. फ्रिजकडे रोखलेला पाव. फळीवर ओतलेला चहा. कोट. "घरात एकाला तरी आलं पाहिजे." शेळ्यांच्या वेळी न वाजलेला खट्, विश्वास कसला, त्यांना शेळ्या दिसल्याच नव्हत्या. आणि ब्रेक काढून ठेवला तो, नीट न दिसता भलत्याच वेळी दाबला जाऊन माझा घात होऊ नये म्हणून. चप्पल मात्र आपटत राहिल्या, मला कळू नये म्हणून.

लाल चादर, सिगारेट, घार, दगड केवढा. त्या परीक्षा घेत नव्हत्या. त्या प्रवास बघत होत्या. माझ्या तोंडातून.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या कडेनं दुसरंच काहीतरी फुगत वर येत होतं. मी नसते बोलले तर त्यांना घाट दिसला नसता. मी किती बोलले! किती मूर्खासारखं, भरभरून बोलले! बरं झालं.

वन्सं केस पुसत बाहेर आल्या. "काय कुजबुज चाललीय?"

"तुमच्या तक्रारी," मी म्हटलं.

२१ मार्च

मैदान.

पंपवालीच्या भावानं आपल्या गाडीनं पुढे होऊन मऊ कड पार करून दिली, आत टणक मिठावर आणून सोडलं आणि तो परत गेला. मी थोडी चालवत राहिले.

"बोल," वन्सं म्हणाल्या.

"पुढे काही नाही. डावीकडे काही नाही. उजवीकडे पण नाही. वन्सं, मागे आरशातसुद्धा काही नाही."

"रंग?"

"खाली पांढरं. वर निळं. बस्स."

त्या मांडी मोडून पुढे सरकल्या, काचेशी. मान तिरकी नाही, सरळ. मग हसायला लागल्या, लहान मुलीसारख्या, खांदे हलवत. "अगं, हे मलाही दिसतंय."

मी गाडी थांबवली. त्या काय बोलून गेल्या ते त्यांना कळलं असावं, कारण लगेच दार उघडून उतरल्या. मीही उतरले. इतकी शांतता की इंजिन थंड होताना टिकटिकतं ते दोघींना ऐकू येत होतं. पायाखाली मीठ कुरकुरत होतं. मी पळाले. कारण काही नाही, पळता येत होतं म्हणून. हात पसरून, डोळे मिटून पळाले, आणि खरंच कशालाही आपटले नाही. चप्पल तुटली. वन्सं ओरडल्या, "शिकाऊ, इंडिकेटर दे वळताना!"

परत आले तर त्या गाडीला प्रदक्षिणा घालत होत्या. हात बॉनेटवरून, दिव्यावरून, आरशावरून. चालकाच्या दाराशी आल्या. मुठीवर हात ठेवला.

हात तिथे बराच वेळ होता. मग त्यांनी मुठीवरची धूळ पुसली, जणू त्यासाठीच ठेवला होता, आणि वळसा घालून आपल्या बाजूला गेल्या.

"पाहिलं. झालं समाधान. उद्या सकाळी निघू परत."

"एवढ्यात?"

"मग काय मीठ विकायला बसायचं?"

२२ मार्च, सकाळ

त्या थोड्या अंतरावर तोंड धुतायत, माझ्याकडे पाठ करून. तेवढ्या वेळात हे लिहितेय.

त्या नाही म्हणतील, हे मला पक्कं माहीत आहे. चष्मा विसरला म्हणून सख्ख्या भावाला चालत घरी पाठवणारी बाई स्वतःसाठी नियम वाकवायची नाही. म्हणतील, दिसत नसेल तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. नाहीतर म्हणतील, तुला कुणी सांगितलं मला दिसत नाही म्हणून? नाहीतर पडद्यांवर येतील. काल रात्री नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं, तर तो आधी रडला, मग म्हणाला, "विचारू नकोस हं. ती तुला तिथेच सोडून येईल." त्यांना आता चालवता येत नाही हे विसरला.

पण त्या इतक्या लांब आल्या ते या एका गोष्टीसाठी, आणि तोंडानं मागणार नाहीत. मग मीच मागायला हवं.

मी तयारी केलीय. चालकाची सीट मागे सरकवली. त्यांचे पाय लांब आहेत. आरसे त्यांच्या उंचीला लावले, उपयोग नसला तरी, कारण आरसे न लावता बसलेल्याला त्या पहिल्याच मिनिटाला नापास करतात. किल्ली आत आहे. या बाजूचा ब्रेक दोनदा दाबून पाहिला. मेकॅनिकनं चोख जोडलाय. मी त्यांच्या जागेवर चपला घालून बसलेय, एक तुटकी, पाय पेडलवर.

तोंड पुसलं त्यांनी. निघाल्या. एक हात गाडीच्या अंगावरून फिरवत येतायत, मागच्या दारापासून, निळ्या पडद्याच्या खिडकीवरून, सरळ माझ्या दाराकडे. दार उघडतील. मधोमध मी असेन, म्हणजे मी दिसणार नाही, आवाज तेवढा ऐकू येईल. वाक्य पाठ केलंय.

"वन्सं, मी इथेच छान दिसते, तुम्हीच म्हणाला होतात. आज तुम्ही चालवा. मी बोलत राहते."